हजेरीपट दाखवा!

सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने मंजूर केली सप्टेंबर २०२० मध्ये. लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. मजुराच्या कायद्याला पाच वर्षं थांबता येतं. मजुराच्या पोटाला?

नऊ जुने कायदे मिळून ही संहिता झाली. अपघाताची भरपाई १९२३ ची, ईएसआय १९४८ चा, पीएफ १९५२ चा, ग्रॅच्युइटी १९७२ ची. यादी लांबलचक, पण बहुतेक ठिकाणी अट एकच: हजेरीपटावर नाव हवं. आणि देशातले दहापैकी जवळपास नऊ कामगार असंघटित.

ज्यांचं नाव होतं, त्यांचं तरी भलं झालं का? पीएफच्या ईपीएस-९५ योजनेची किमान पेन्शन २०१४ ला हजार रुपये ठरली. अकरा वर्षांनीही हजारच. त्यात सिलिंडर येतो, थोडी भाजी येते. महिना येत नाही.

असंघटितांसाठी २००८ ला कायदा केला, २०२१ ला ई-श्रम पोर्टल. तीस कोटींहून जास्त नोंदी झाल्या. कार्ड हातात आलं. साठीनंतर ते कुठल्या खिडकीवर दाखवायचं?

बांधकाम मजुरांचं तर पैशावाचून अडलेलंच नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवला. पैसा जमलाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हिशेब तपासला, तर त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशिन घेतल्याचं निघालं.

मजुरापर्यंत काय पोचतं? नोंदणीसाठी आधी त्याने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणायचा. नाक्यावर सकाळी थापी-ओळंबा घेऊन उभा राहणारा गवंडी आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. ठेकेदार सही करत नाही. सही केली की माणूस त्याचा ठरतो आणि उद्या परांचीवरून पडला तर भरपाईही त्याच्याच गळ्यात येते. मग एजंट उगवतो, पैसे घेतो, दाखला आणतो.

घाम गाळणाऱ्यानेच घामाचा पुरावा द्यायचा, हा कुठला न्याय?

वेगळा रस्ता महाराष्ट्रानेच दाखवला होता. अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या हमालांच्या लढ्यातून १९६९ ला माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची. पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना त्यातून. हमालाचे मालक दिवसाला दहा बदलोत, खातं एकच. पुढे बोगस टोळ्या शिरल्या, खंडणीच्या तक्रारी झाल्या, हे खरंच. पण चोर शिरला म्हणून घर पाडतात का?

नव्या संहितेत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम गिग कामगारांसाठी द्यायची आहे. चांगलं आहे. तिथे दाखल्याचं निमित्तही चालणार नाही. पोराने कुठली ऑर्डर किती वाजता पोचवली, हे अ‍ॅपला मिनिटासकट ठाऊक असतं.

मग इमारतीलाच काय झालं? मजुरांची नोंदवही ठेवणं मालक-ठेकेदारावर कायद्याने केव्हाच बंधनकारक आहे. मागतं कोण? महापालिका नकाशा मंजूर करताना उपकर पै-पैसा मोजून घेते. तिनेच पुढे इतकं करावं: मजुरांचा हजेरीपट जमा झाल्याशिवाय कुठल्याही इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.