वाफशाआधीची घाई

इंग्लंडात मार्च उजाडला की हिरवळीचे मालक गवत कापायचं यंत्र घेऊन सज्ज. पाच-सहा अंश सेल्सिअसच्या वर गवत वाढू लागतं हे खरं. पण खालची चिकणमाती हिवाळाभर पाणी पिऊन लोण्यासारखी झालेली असते. तिच्यावर बूट पडला की कणांमधली हवेची पोकळी मिटते, पाणी मुरेनासं होतं, मुळं गुदमरतात आणि शेवाळाचं फावतं. मग शेवाळ मारायला लोह सल्फेट, तेही त्याच चिखलातून चालत जाऊन! आपला शेतकरी मुठीत वळलेला गोळा फुटत नसेल तर वाफसा आला नाही म्हणतो आणि बांधावर स्वस्थ बसतो.

तोवर गवत माजलं तर? माजू द्या, आठवडाभर उंच राहिल्यानं ते काही मरत नाही. ‘शेजारी काय म्हणतील’ हा आक्षेप मात्र बिनतोड, कारण हिरवळ हा मुळात थाटाचा मामला. 1830 मध्ये एडविन बडिंगनं गवतकापणी यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी अशी हिरवळ म्हणजे कापायला गडी ठेवणाऱ्या जमीनदारांची मिरास. यंत्रानं ती घराघराच्या परसात आणली. थाट आला, गडी मात्र आले नाहीत. चिखलात उतरण्याचं काम तेवढं मालकाच्या वाट्याला आलं.