चौकोनी फायरबॉल

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवत खेळायचा खेळ आला, तेव्हा त्याच्या नियमांत अंतरं इंचांत दिलेली होती. युद्धखेळांत मुरलेल्या खेळाडूंना टेबल आणि मोजपट्टी पुरत असे. आता राक्षस मारण्याआधी, ज्यावर लढाई मांडायची ती चौकटींची चटई निवडावी लागते. राक्षस त्या मानाने सोपा.

चेसेक्स कंपनीची व्हिनाइलची चटई या धंद्यातली जुनी खेळाडू. एका बाजूला इंचाचे चौकोन, दुसऱ्या बाजूला षटकोन. बहुतेक जण षटकोनांचेही पैसे मोजतात आणि ती बाजू आयुष्यभर टेबलाला दाखवतात. तिच्यावर नकाशा काढायला ओल्या फडक्याने पुसता येणाऱ्या शाईचा पेनच चालतो. कुणी उत्साहाने व्हाइटबोर्डचा मार्कर चालवला, की तो किल्ला अजिंक्य! लाल शाई तर कुठलीही असो, रेंगाळते. गेल्या मोहिमेतलं रक्त पुढच्या मोहिमेतल्या देवळात दिसतं.

निओप्रीनची चटई घडीविना सपाट पसरते, पण तिच्यावर बरेचदा जंगल आधीच छापलेलं असतं. मग समुद्री चाचेसुद्धा त्याच झाडाखाली लढतात.

खेळात एक चौकोन म्हणजे ५ फूट. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या चौकटींत तिरकं पाऊलही ५ फुटांचंच, पायथागोरसला रजा. असं मोजलं तर ‘फायरबॉल’ या मंत्राचा २० फूट त्रिज्येचा आगगोळा चौकोनी फुटतो. गंमत म्हणजे, त्या आवृत्तीत चौकटी मुळात ऐच्छिकच आहेत.

चतुर मंडळी चटईऐवजी भेटवस्तू गुंडाळायचा कागद आणतात. काही कागदांच्या पाठीवर कापायच्या सोयीसाठी इंचाच्या चौकटी असतातच. ड्रॅगनच्या गुहेखाली वाढदिवसाचे फुगे, एवढंच.