हॅडवाले सर

तालुक्याच्या पट्ट्यात प्रत्येक गावाला एक हॅडवाले सर असतात. नळदुर्गातही आहेत. शाळेतून निवृत्त झाले, पण इंग्रजीच्या काळांवरचा पहारा काही सुटला नाही. हातात पाठीची शिवण उसवलेली तर्खडकर भाषांतर पाठमाला, खिशात लाल पेन आणि बसायला हायवेलगतचं चहाचं हॉटेल.

एखादं पोरगं उत्साहानं म्हणतं, "सर, येस्टरडे आय हॅड गॉन टू सोलापूर."

सर कप खाली ठेवतात. "बरं. मग पुढं काय झालं?"

"काय न्हाई, आलो परत."

"मग हॅड कशाला काढलास? मराठीत 'गेलो होतो' म्हणतोस म्हणून इंग्रजीत लगेच हॅड येत नाही. आधी एक घडलं, मग दुसरं घडलं, तर आधीच्याला हॅड. तू नुसता गेलास ना? वेंट म्हण आन् मोकळा हो!"

पाठ्यपुस्तकातला, डॉक्टर येण्यापूर्वी मेलेला तो सुप्रसिद्ध रुग्ण सरांनी केव्हाच वर्गाबाहेर काढला. पिढ्यान् पिढ्या किती वेळा मारायचं त्याला! त्यांचं उदाहरण स्थानिक आहे: आम्ही स्टँडवर पोचलो, तेव्हा एसटी निघून गेली होती. हे पोरांना एका दमात कळतं, कारण त्यात कल्पनेचा भाग अजिबात नाही.

किल्ल्यात तर सरांना आवरणं कठीण. पाहुण्यांना बंधाऱ्यातला पाणीमहाल दाखवणारा कुणी "आदिलशाह हॅड बिल्ट" म्हणाला, की हे गर्दीतून पुढे. "1613 साल सांगतोस ना? साल आलं की साधा भूतकाळ, बिल्ट! बोरी नदीवरचा बंधारा अजून उभा आहे, म्हणून हॅज स्टूड. आन् ठगांवर कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर 1853 मध्ये इथं अधिकारी म्हणून आला, तेव्हा तो 240 वर्षं उभा होता, तिथं मात्र हॅड स्टूड." पाहुणे बिचारे धबधब्याचा फोटो काढायला आलेले असतात. तीन काळ घेऊन परत जातात.

खंडोबाही सुटलेला नाही. मूर्ती एकच, ठिकाणं दोन: अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर. "देव अणदूरला हॅज गॉन, म्हणजे अजून तिकडंच आहे. तू दर्शन घेऊन आलास, म्हणून तू हॅज नव्हे, हॅव बीन."

"आन् देव परत आल्यावर, सर?"

"मग देवसुद्धा हॅज बीन. व्याकरणात वशिला चालत नाही."

असा हा काळाचा कडक माणूस घरी मात्र भलताच सैल. बाई दळणाचा डबा हातात देतात, तर हे पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "आणलंच समज." जेवायला हाक मारली की "आलोच." निघा म्हटलं की "हा काय, निघालो." तिन्ही भूतकाळ, आणि घडलेलं एकही नाही.

परवा असंच "आणलंच" म्हणत निघाले, वाटेत कुणाचं तरी हॅव दुरुस्त करत उभे राहिले, आणि गहू घेऊन गव्हासकट परत आले. इतकी वर्षं भिंतीपलीकडून शिकवणी ऐकलेल्या बाई दारातच म्हणाल्या, "द गिरणी हॅड क्लोज्ड बिफोर यू रीच्ड."

सरांनी वाक्य मनात दोनदा तपासलं. लाल पेन चालवायला कुठंच जागा नव्हती.

"व्हेरी गुड," ते म्हणाले, आणि मुकाट्यानं तांदूळ निवडायला बसले.