भुयाराचा जावई

हा गृहस्थ पॅडिंग्टनला राहायचा आणि लंडनच्या सिटीत, म्हणजे बँका आणि पेढ्यांच्या जुन्या भागात, कारकुनी करायचा. काळ १८६०. नाव काहीही धरा. असे शेकडो जण रोज सकाळी एकाच रस्त्याने, एकाच जातीची उंच काळी टोपी घालून कचेरीत सारखेच उशिरा पोचायचे; नावाने त्यांच्यात काही फरक पडत नव्हता. याच्यात सांगण्यासारखा गुण एकच. नवी गोष्ट निघाली रे निघाली, की ती का चालणार नाही याची कारणं त्याच्यापाशी तयार. ती विचारावी लागत नसत.

त्या वर्षी त्याला आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला. पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डन स्ट्रीटपर्यंत जमिनीखालून आगगाडी नेणार, असं मेट्रोपॉलिटन रेल्वे नावाच्या कंपनीने ठरवलं आणि खरोखरच रस्ता उकरायला घेतला. गरज होती हे त्यालाही कबूल होतं. बाहेरगावच्या रेल्वेगाड्यांना शहराच्या गाभ्यात यायला बंदी, त्यामुळे सगळ्यांची शेवटची स्थानकं कडेकडेला. तिथे उतरलेली माणसं आणि मालाच्या गाड्या घोड्यांच्या मागे एकाच रस्त्यावर खोळंबायच्या. पण रोग कबूल केला म्हणून औषध कबूल केलं असं थोडंच होतं?

काम करायची तऱ्हा अशी, की आधी रस्ता लांबच लांब उघडायचा, खोल चर खणायचा, दोन्ही बाजूंनी विटांच्या भिंती उभ्या करायच्या, वर कमान घालायची आणि मग पुन्हा माती लोटून रस्ता होता तसा करून द्यायचा. ‘होता तसा’ या दोन शब्दांवर आमचा गृहस्थ तासभर बोलू शकत असे. कंपनीवाल्यांनी घरांच्या पायाखालची माती काढली, दुकानदारांची गिऱ्हाइकं काढली, आता फक्त भाडेकरूंना काढायचं राहिलंय, असं तो म्हणे. हे शेवटचं मात्र विनोदाने घेण्यासारखं नव्हतं. फॅरिंग्डनच्या बाजूला हजारो गरिबांच्या खोल्या पाडल्या गेल्या आणि ती माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या वस्त्यांत जाऊन कोंबली गेली. त्यावर त्याने अवाक्षर काढलं नाही. तक्रार करणाऱ्यालाही सगळीकडे लक्ष पुरवता येत नाही.

या योजनेमागे खटपट होती चार्ल्स पिअरसन नावाच्या माणसाची. सिटीचा हा सॉलिसिटर १८४५ पासून लोकांना सांगत होता की जमिनीखालून गाडी काढा, म्हणजे कामगाराला कोंदट गल्ली सोडून लांब मोकळ्या हवेत राहता येईल. पैसे जमेनात तेव्हा त्याने सिटीच्या कॉर्पोरेशनला दोन लाख पौंड गुंतवायला लावले. स्वतःसाठी काही मागितलं नाही, कंपनीने देऊ केलं तेही घेतलं नाही. अशा माणसाबद्दल आमच्या गृहस्थाचं मत एका वाक्याचं होतं: ‘यात त्याचं काहीतरी असणार.’ पिअरसन सप्टेंबर १८६२ मध्ये, गाडी सुरू व्हायच्या चार महिने आधी वारला. त्याचं काय होतं ते तरीही कुणाला सापडलं नाही.

दरम्यान भाकितं खरी व्हायला लागली होती, आणि आमचा गृहस्थ तेजीत होता. भुयारात धूर नको म्हणून जॉन फाउलर या मुख्य अभियंत्याने बिनधुराचं इंजिन करून पाहिलं. आतल्या विटा आधी लालभडक तापवायच्या आणि त्यांच्या धगीवर पाणी उकळत ठेवायचं, अशी कल्पना. इंजिन थोडं चाललं आणि वाफ संपून थंड झालं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘फाउलरचं भूत’. मग जून १८६२ मध्ये फ्लीट नदी फुटली. नदी म्हणायची ती शिष्टाचार म्हणून. शहराच्या मैल्याचं ते गटार होतं. त्याची भिंत फोडून पाणी कामात घुसलं आणि भुयारात दहा फूट चढलं. त्या संध्याकाळी आमचा गृहस्थ वाकडी वाट करून ते पाहायला गेला, रुमाल नाकाला लावून बराच वेळ काठावर उभा राहिला, आणि घरी येऊन दुप्पट जेवला.

बरं, हा एकटाच असा होता असंही नाही. कमिंग नावाचे एक धर्मोपदेशक होते. जमीन पोखरत नरकाच्या दिशेने गेलात तर सैतानाची झोपमोड होईल, असा इशारा त्यांनी दिल्याची कथा आहे. पंतप्रधान लॉर्ड पामरस्टन तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उद्घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा, या वयात जितके दिवस जमिनीच्या वर राहता येईल तितकं बरं, असं म्हणून ते आले नाहीत, असं सांगतात. ही कोटी आमच्या गृहस्थाने कचेरीत स्वतःची म्हणून खपवली.

९ जानेवारी १८६३ ला मेजवानी झाली आणि १० तारखेला, शनिवारी, गाडी लोकांसाठी सुरू झाली. (आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडीला तेव्हा दहावं वर्ष चालू होतं. पण ती उजेडातून जायची. तिला नावं ठेवणारे वेगळे.) पहिल्या दिवशी अडतीस हजारांच्या आसपास माणसं या गाडीत बसली. त्यांत आमचा गृहस्थ होता. का गेलास, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘खात्री करून घ्यायला.’

ही खात्री पुढे बेचाळीस वर्षं चालू राहिली.

कारण गाडी सोयीची होती, हे तो कुणापाशी कधी बोलला नाही एवढंच. घोड्यांच्या बसने तास खाणारा रस्ता वीसेक मिनिटांत संपे. भाडं पहिल्या वर्गाला सहा पेन्स, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन. तो दुसऱ्याने जायचा. पहिला उधळेपणाचा आणि तिसरा लोक काय म्हणतील याचा. चार पेन्समध्ये काटकसर आणि इभ्रत दोन्ही बसत. डब्यात गॅसचे दिवे होते. त्यांचा गॅस डब्याच्या टपावर रबरी पिशव्यांत भरलेला असे, आणि त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येई. हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं आणि तो मनातून हरला. आता घरी वाचायला काही उरणार नाही, अशी तक्रार त्याने करून पाहिली. पण तिच्यात जोर नव्हता.

जोर आला धुराने. फाउलरचं भूत निजल्यामुळे वाफेची इंजिनंच घ्यावी लागली होती. निघालेली वाफ टाकीतल्या पाण्यात जिरवायची सोय त्यांना होती, पण कोळसा जळल्यावर जे व्हायचं ते होतच होतं. खिडकी उघडली तर धूर आत येई, लावली तर कोंडलेला श्वास, ओली छत्री, दिव्याची उष्णता आणि समोरच्याचं सर्दी-पडसं आतच राही. आमचा गृहस्थ खिडकी लावणाऱ्या पक्षाचा. या धुरात प्रवाशाने मात्र विडी-चिरूट ओढायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. हवा खराब होते म्हणून. पहिली काही वर्षं तो टिकला. माणसाने कितीही ठरवलं तरी इतक्या निखळ विसंगतीची तक्रार रचता येत नाही. ती त्याने रोज केली.

घरजावयाला आमटी खारट लागते, भात फडफडीत लागतो, मेव्हणा आगाऊ वाटतो. पण पानावरून तो उपाशी उठत नाही आणि गावात कुणी सासऱ्याला नाव ठेवलं तर त्याच्या अंगावर धावून जातो. भुयाराशी या गृहस्थाचं नातं हळूहळू तसं झालं. स्वतः बोलेल ते बोलेल. कचेरीतला कुणी नवा पोरगा ‘काय तो धूर!’ म्हणाला, की हा चष्म्यावरून पाही. ‘तुम्ही कधीपासून जाता? मागच्या वर्षीपासून? मग तुम्ही धूर पाहिलाच नाही. चौसष्टचा धूर पाहायला हवा होतात.’

चौसष्टवरून आठवलं. १८६४ च्या मे महिन्यात कंपनीने कामगारांसाठी भल्या पहाटे दोन गाड्या काढल्या. जाऊन-येऊन तीन पेन्स. पिअरसन ज्यासाठी सतरा वर्षं ओरडत होता त्यातलं हे थोडंसं खरं झालेलं. आमचा गृहस्थ तेव्हा अंथरुणात असे, म्हणून त्याने परवानगी दिली.

लोहमार्ग पश्चिमेला वाढला तेव्हा बेजवॉटरजवळ लेन्स्टर गार्डन्स या उंची वस्तीत दोन घरं पाडून तिथे धूर सोडायला उघडा खड्डा ठेवावा लागला. शेजाऱ्यांच्या डोळ्यांना तो सलू नये म्हणून कंपनीने खड्ड्यासमोर दोन घरांचा नुसता दर्शनी भाग उभारला. खांब, सज्जे, दरवाजे, रंगवलेल्या खिडक्या. मागे काही नाही. २३ आणि २४ नंबरची ती तोंडवळा-घरं आजही तिथे उभी आहेत. पाहुण्यांना ती दाखवायला हा आवर्जून घेऊन जायचा. ‘अख्ख्या गल्लीत सज्जन माणसं राहतात ती या दोन घरांत,’ असं सांगायचा, आणि भिंतीमागून वाफ वर आली की घराच्या मालकाच्या थाटात पाहुण्यांकडे बघायचा.

पण त्याचा सुवर्णकाळ सुरू झाला तो १८८४ नंतर. मेट्रोपॉलिटन आणि डिस्ट्रिक्ट या दोन कंपन्यांनी मिळून शहराभोवती वर्तुळ पूर्ण केलं. एकीचे प्रमुख सर एडवर्ड वॉटकिन, दुसरीचे जेम्स स्टॅट्स फोर्ब्स, आणि दोघांतून विस्तव जात नव्हता. मेट्रोपॉलिटनच्या गाड्या प्रामुख्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत, डिस्ट्रिक्टच्या उलट्या, आणि प्रत्येक कंपनीची खिडकी आपल्याच गाडीचं तिकीट विकू पाही. उलटं पडलं तरी तेच विके. हा गृहस्थ एका शनिवारी साउथ केन्सिंग्टनला मेव्हणीकडून चहा घेऊन परत निघाला. पॅडिंग्टन तिथून पाच स्टेशनं. तो चुकीच्या खिडकीवर उभा राहिला. मग व्हिक्टोरिया, वेस्टमिन्स्टर, चेरिंग क्रॉस, ब्लॅकफ्रायर्स, अगदी ऑल्डगेटपर्यंत पूर्वेला जाऊन, तिथून वळून, जिथे रोज नाइलाजाने उतरायचं त्या फॅरिंग्डनवरून सुट्टीच्या वेळी फुकट जाऊन, किंग्ज क्रॉस, बेकर स्ट्रीट करत तो जवळजवळ अख्खं वर्तुळ फिरून घरी पोचला. चेहरा काजळीने काळा आणि समाधानाने उजळलेला. बायकोने उशीर का झाला विचारलं, तर तो आधी कोट काढून, पाणी पिऊन, नीट बसला. असा किस्सा घाईत सांगायचा नसतो. त्या वर्षी पाहुण्यांना लेन्स्टर गार्डन्स दाखवायचं राहून गेलं.

१८९० मध्ये सिटी अँड साउथ लंडन ही विजेची गाडी आली. रस्ता न उकरता खोल मातीतून लोखंडी नळ्या घालून केलेली. धूर नाही, काजळी नाही. शत्रू म्हणावा तर हाच. कर्तव्य म्हणून तो एकदा जाऊन आला आणि आठवडाभर कचेरीला बातमी पुरवली. डब्यांना खिडक्या जवळजवळ नाहीतच, बाहेर बघण्यासारखं काही नाही म्हणून. वरपर्यंत गादी चढवलेल्या पाठी. लोक त्या डब्यांना वेड्यांच्या गादीदार कोठड्या म्हणत. स्टेशन आलं हे गार्ड ओरडून सांगे. एवढं त्याने सोसलं असतं, पण तिथे वर्गच नव्हते! कुणीही यावं, दोन पेन्स द्यावेत आणि फिरत्या दारातून आत जावं. चार पेन्सची इभ्रत घेऊन माणसाने बसायचं कुठे?

म्हणून १८९७ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या हवेची सरकारी चौकशी लागली तेव्हा आमचा गृहस्थ धुराच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे समितीपुढे नव्हे, फलाटावर. समितीपुढे कंपनीच्या व्यवस्थापकांनीच सांगितलं की पोर्टलंड रोड स्टेशन हे दम्याच्या आणि छातीच्या विकारांच्या माणसांना आरोग्यधामासारखं आहे. त्याच चौकशीत, गॉवर स्ट्रीटजवळचा एक औषधवाला भुयारातून गुदमरून वर आलेल्यांना ‘मेट्रोपॉलिटन मिक्स्चर’ नावाचं औषध पाजतो, असंही बाहेर आलं. दोन्ही साक्षी याला तोंडपाठ होत्या. पहिली तो परक्यांना सांगायचा आणि दुसरी घरच्यांना. औषधाची बाटली त्याच्या कोटाच्या खिशात असायची. ती मात्र त्याने कुणालाच दाखवली नाही.

नोकरी सुटल्यावरही तो गाडीने जात राहिला. काम काही नसे. गाडी अजून नीट चालत नाही ना, एवढं पाहून दुपारी परत यायचा.

१ जुलै १९०५ ला वर्तुळावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. पंचाहत्तरीचा हा गृहस्थ सकाळपासून काळा कोट घालून फलाटावर बसला होता. आणि त्याच दिवशी मेट्रोपॉलिटनची एक विजेची गाडी डिस्ट्रिक्टच्या रुळांवर गेली, तिने वीज पुरवणारा रूळच उलटा पाडला, सगळं ठप्प झालं, आणि मेट्रोपॉलिटनला आपल्या विजेच्या गाड्या मागे घ्याव्या लागल्या. ही बातमी आणणाऱ्या हमालाला त्याने अर्धा शिलिंग दिला. आयुष्यात पहिल्यांदा. ‘मी सांगितलं होतं,’ असं तो संध्याकाळपर्यंत ओळखीच्या, अनोळखी आणि एका बहिऱ्या बाईलाही सांगत होता.

दुरुस्त्या होऊन २४ सप्टेंबरला वीज परत आली ती कायमची. डबे स्वच्छ, काचा स्वच्छ, समोरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतोय, भुयारात मोकळी हवा खेळतेय. बेचाळीस वर्षं ज्या हवेसाठी त्याने कंठशोष केला ती एकदाची आत आली. एजवेअर रोड जायच्या आतच त्याने मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला, शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर काठी टेकवली आणि म्हणाला, ‘अहो, ती खिडकी लावा बघू आधी. केवढं वारं येतंय!’