टेकलास बघ!

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून वडीलधाऱ्यांची आवक होते. नातू सांभाळणं हे अधिकृत कारण. त्यांतला एक नमुना सकाळी सातला तरणतलावाच्या काठावर सापडतो. तो पाटीवरचे नियम वाचतो, 'टोपी सक्तीची' इथं थांबून गुळगुळीत टकलावरून हात फिरवतो आणि विचारतो, "खोल किती?" पाच फूट म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. "म्हंजे हौद."

हे विहिरीत शिकलेले काका. आमचे शिरोळकडचे आहेत. आठव्या वर्षी चुलत्यानं पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकललं आणि पंधरवड्यानं एक दिवस न सांगता डबा काढून घेतला. टेकायला तळ नाही, आणि पायऱ्यांवर चुलता बसलेला. उभ्यानं पोहणं, म्हणजे एका जागी डोकं पाण्यावर ठेवून राहणं, त्यांना असं आलं.

आमचं शिक्षण रीतसर. व्हिडिओ पाहिलेले, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, शास्त्र तोंडपाठ. माणसाचं अंग जवळजवळ पाण्याइतकंच जड असतं; छातीत हवा भरली की ते तरंगतंच, फक्त वर राहते ती टाळू आणि नाक जातं खाली. म्हणजे प्रश्न उरतो चार-पाच किलोंच्या डोक्याचा. तेवढं वर ठेवायला मी शिडी चढल्यासारखे हातपाय झाडतो. पाणी खाली दाबायचं सोडून चहूकडे उडवतो. घाबरून अर्धेमुर्धे श्वास घेतो. छातीतली हवा कमी झाली की अंग आणखी जड होतं. शेवटी मीटिंगमधल्या सवयीनं हात वर करतो. पाण्यात असेपर्यंत हाताचं ओझं पाणी वाहतं. बाहेर काढला की ते आपल्याच डोक्यावर येतं. अर्ध्या मिनिटात मी गटांगळी खातो आणि घड्याळ अभिनंदन करतं.

मधल्या इयत्तेत अंगठेबहाद्दर असतात. त्यांना पाच-पाच मिनिटं जमतं, कारण अधूनमधून पायाचा अंगठा हळूच फरशीला लागतो. वॉटरपोलोत गोलरक्षक सोडून इतर खेळाडूंनी तळाचा आधार घेणं नियमात बसत नाही. आमच्याकडे त्यावरच संसार चालतो. मीही बढती मिळून या वर्गात आलो. पण काकांना हे पाण्यात न डोकावता कळतं.

"टेकलास बघ!"

"कशावरनं, काका?"

"तोंडावर सुख आलं की रं."

आता सुख तर काकांच्या तोंडावर कायमचंच. म्हणून एकदा गॉगल लावून, संशयानं, मी बुडी मारली. खाली त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापासून आळीपाळीनं, एकमेकांच्या उलट दिशेला, गोल फिरत होते. एकाचा रेटा संपतो तिथं दुसऱ्याचा सुरू होत होता, त्यामुळे डोकं इंचभरही खालीवर होत नव्हतं. तळवे आडवे, थालीपीठ थापल्यासारखे. आणि वर काका कोचशी कानडीत उसाच्या बिलाबद्दल बोलत होते. कोच म्हणाला, याला 'एगबीटर' म्हणतात. हे अंडं फेटायच्या यंत्राचं नाव आहे असं कळल्यावर काकांनी गळ्यातली माळ चाचपली. "रवी म्हणा."

"काका, तेवढा वेळ मनात काय असतं?"

"काय न्हाई. तुझ्या?"

माझ्या मनात सेकंद, तळ, आणि सोमवारची डेडलाइन. काकांनी मान हलवली. "त्या सिल्क बोर्डच्या चौकात गर्दीत अडकतोस, तवा क्लच आपटत बसतोस व्हय? अर्धा दाबून धरतोस न्हवं? मग!"

मार्च 2024 मध्ये बंगळुरूला टंचाईनं गाठलं. पाणीपुरवठा मंडळानं तरणतलावात पिण्याचं पाणी भरायला बंदी घातली, मोडल्यास 5,000 रुपये दंड. आमचा तलाव कोरडा पडला. काका त्यात उतरून, हात पाठीमागं बांधून, निळ्या फरशीवरून एक चक्कर मारून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लबहाऊसमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काठावर मांडल्या. "टोकाला बसा. पाय अधांतरी. फिरवा."

आम्ही सहा संगणक अभियंते, कोरड्या तलावाकडे तोंड करून, हवेत रवी घुसळू लागलो. सुरक्षारक्षक दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्या मिनिटाला माझ्या मांड्या भरून आल्या. चेहरा शक्य तितका दुःखी ठेवून मी चपलेचं टोक अलगद फरशीला लावलं.

शेजारच्या खुर्चीत काका डोळे मिटून पाय फिरवत होते.

"टेकलास बघ!"