कॉन्स्टंटराव

कॉन्स्टंटरावांच्या फाइलीत सगळ्यात वर एक कॉमेंट असते : 'खालील क्रम बदलू नये. मध्ये काही घालू नये. कारण विचारू नये.' तिच्याखाली नावांची उतरंड, प्रत्येक नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि मग आकडा. ऑर्डर आली ०, पॅक झाली १, निघाली २, पोचली ३. बरोबरची चिन्हं ओळंबा लावल्यासारखी एकाखाली एक. एखादं नाव लांबलचक निघालं तर बाकीच्या सगळ्या ओळींत स्पेस घालून ती पुन्हा सरळ केली जातात. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. जेवण झालं की डबा धुऊन येतात आणि स्वतः करतात.

हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाही, हे सांगायला नको. पण सॉफ्टवेअरच्या ज्या कंपनीत एखादा प्रोजेक्ट वर्षानुवर्षं चाललाय, तिथे एक कॉन्स्टंटराव असतातच. पन्नाशी आलेली, चष्मा कपाळावर, आणि जावा १.४ च्या काळातला राग अजून ताजा.

या रागाला कारण आहे. ऑर्डरची अवस्था या चारांपैकीच एक असेल, पाचवी असणार नाही, हे काही भाषांना नीट बजावून सांगता येतं. त्याला ईनम म्हणतात. मग कुणी भलतंच काही लिहिलं तर कंपायलर दारातच अडवतो. निकलाउस विर्ट यांच्या पास्कलमध्ये ही सोय १९७० सालीच होती. पंचवीस वर्षांनी आलेल्या, सन कंपनीच्या जावात मात्र नव्हती. तिथे प्रत्येक गोष्टीला आकडा द्यायचा, पुढे 'पब्लिक स्टॅटिक फायनल इंट' असं सोवळं नेसवायचं आणि देवावर हवाला ठेवायचा.

जावाचा स्वतःचा कॅलेंडर क्लासही असाच. त्यात जानेवारी म्हणजे ०, पण रविवार म्हणजे १. मार्च म्हणजे २, सोमवार म्हणजे २, आणि 'महिना' नावाचा जो रकाना त्याचाही आकडा २. महिन्याच्या जागी सोमवार दिला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही, मुकाट्याने मार्च घेतो. याच क्लासमध्ये डिसेंबरनंतर 'अनडेसेंबर' नावाचा तेरावा महिना आहे, चांद्र कालगणनेच्या सोयीसाठी ठेवलेला. नव्या पोरांना कॉन्स्टंटराव तो हटकून दाखवतात. "बघा, सनच्या लोकांनासुद्धा अधिक महिना पाळावा लागला!" हा विनोद ते दर बॅचला करतात, आणि अप्रेझल जवळ आलेलं असल्यामुळे पोरं हसतात.

२००१ मध्ये जोशुआ ब्लॉक यांचं 'इफेक्टिव्ह जावा' आलं आणि कॉन्स्टंटरावांना दीक्षा मिळाली. आकडे टाकून द्या, क्लास लिहा, त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करा, म्हणजे बाहेरच्या कुणाला नवा नग घडवता येणार नाही. आतच चार नग घडवून ठेवा. युक्ती खरोखर सुंदर होती. पण हे नग फाइलीत साठवून परत वाचले की प्रत्येकाचा तोतया तयार व्हायचा. दिसायला तोच, पण तुलना केली की 'मी तो नव्हेच'. त्यावर पुन्हा 'रीडरिझॉल्व्ह' नावाचा उतारा. कॉन्स्टंटरावांनी चार अवस्थांसाठी दोन पानं कोड लिहिला. प्रिंटआउट काढून फाइल केली. एवढं सुख त्यांना लग्नाच्या वेळी झालं नव्हतं, असं वहिनीच सांगतात.

आणि मग सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ आलं, खराखुरा ईनम घेऊन. दोन पानांचं काम एका ओळीत. सगळ्या टीमने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. कॉन्स्टंटराव मात्र सुतकात. "आता काय, कुणीही करेल," एवढंच म्हणाले. त्यातून 'enum' हा आता भाषेचा राखीव शब्द झाल्यामुळे, ज्यांनी ज्यांनी एन्युमरेशनच्या व्हेरिएबलला लाडाने तेच नाव ठेवलं होतं त्यांचा जुना कोड नव्या कंपायलरवर आपटला. कॉन्स्टंटरावांनी ते किती ठिकाणी ठेवलं होतं हे त्यांनी अखेरपर्यंत कळू दिलं नाही, पण त्या आठवड्यात ते रोज उशिरा घरी जात.

मला विचाराल तर या माणसाचं दुखणं भाषेत काही नव्हतं हे नसून, जे नव्हतं ते आलं हे आहे. अडचण होती तोवर त्यांना किंमत होती. पुढची दहा वर्षं ते ईनमकडे नव्या सुनेकडे बघावं तसे बघत राहिले : चूक काढता येत नाही आणि कौतुक तोंडातून निघत नाही.

मग मॅनेजमेंटने ठरवलं की नवा प्रोजेक्ट 'गो' भाषेत करायचा. गूगलची भाषा, पहिली पक्की आवृत्ती २०१२ ची, आणि तीत ईनम नाही! कॉन्स्टंटराव त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. गो मध्ये 'आयोटा' मिळतो : पहिल्या ओळीला ०, मग प्रत्येक ओळीला आपोआप एकेक चढता आकडा. प्रकाराला नाव देता येतं, पण त्या नावाच्या जागी कुणी सरळ ४२ लिहिलं तर कंपायलर तेही घेतो. म्हणजे आपल्याला पुन्हा काम आहे, हे त्यांनी ताडलं.

मधल्या काळात टीममध्ये एक हुशार मुलगी आली. ऑर्डर रद्द करायची सोय हवी होती. 'रद्द' ही अवस्था तिने तर्काने योग्य जागी, म्हणजे 'पॅक झाली' आणि 'निघाली' यांच्या मध्ये घातली. टेस्ट पास झाल्या. डेटाबेसात मात्र जुने आकडेच होते. जे सामान वाटेत होतं ते एका रात्रीत रद्द झालं, आणि ज्यांनी नव्या मिक्सरमध्ये दोनदा चटणी वाटून झाली होती त्यांना मेसेज गेला, 'आपली ऑर्डर निघाली आहे.'

सकाळी सगळे तिच्या टेबलाभोवती. कॉन्स्टंटराव आले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, स्क्रीन पाहिली.

"अगं, वरची कॉमेंट वाचली नाहीस?"

"वाचली सर. पण कारण विचारू नये असं लिहिलं होतं."

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी आयोटा काढून टाकला आणि प्रत्येक अवस्थेपुढे हाताने आकडा लिहिला : १०, २०, ३०, ४०, मध्ये जागा सोडून. 'माहीत नाही'ला ०, 'इतर'ला ९९. मग डेटाबेसातले जुने आकडे बदलायची स्क्रिप्ट लिहायला बसले, आणि ती चालेपर्यंत गुणगुणत होते.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, तर त्याच्या यादीत नवी ओळ घालायची झाल्यास ती सगळ्यात शेवटी घाला, आणि बरोबरचं चिन्ह वरच्या चिन्हाखालीच येईल एवढं बघा.