किटली पुरे, आता चेहरा काढू द्या

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली, की दहावीला ७ वाढीव गुण. ‘ब’ला ५, ‘क’ला ३. त्यासाठी आठवी-नववीतली मुलं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन घोटतात. किटली येते, कपबशी येते, चुण्या पडलेलं कापड येतं. व्यक्तिचित्राचा पेपरच नाही. स्मरणचित्रात बाजार भरतो, बसथांब्यावर रांग लागते. पण त्या माणसांना नाकडोळे नसले तरी भागतं.

किटलीशी माझं वैर नाही. हात तिच्यावरच बसतो. पण मिसरूड फुटायच्या, मुरमं यायच्या वयात मूल सारखं आरशात डोकावत असतं आणि ‘मी कोण दिसतो?’ हा प्रश्न त्याला छळत असतो. नेमका तोच प्रश्न चित्रकलेच्या तासाला वर्ज्य. मग उत्तर मोबाइल देतो: कातडी उजळ, हनुवटी निमुळती, डाग गायब.

खडूची पेटीही तेच शिकवते. फिकट गुलाबी खडूला आपली मुलं सर्रास ‘स्किन कलर’ म्हणतात. वर्गात त्या रंगाचं कुणी नसतं, तरी चित्रातले सगळे चेहरे त्याच रंगाचे. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ हे नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केलं. आपण अजून तिथेच आहोत. तो खडू बाजूला ठेवा. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा आणि किंचित निळा एवढे रंग द्या, आणि प्रत्येकाला आपल्या मनगटाशेजारी धरून आपला रंग कालवू द्या. आपल्या सावळेपणात हिरवट, जांभळट, तांबूस छटा आहेत हे एकदा दिसलं, की रंगावरून चिडवणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते मुलाला कुणी शिकवावं लागत नाही.

हे शिकवायला मोठा खर्च लागत नाही. हातात मावणारा आरसा, कोळसा, खोडरबर आणि एका बाजूने उजेड देणारी खिडकी पुरे. मुलं डोळे कपाळावर काढतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात हे आरशात मोजून दाखवा. कागदाकडे न बघता, फक्त आरशात बघत एका रेषेत चेहरा काढायला लावा. रेषा वाकडी येईल, पण ती बघून आलेली असेल.

आणि ‘अगदी फोटोसारखं!’ ही शाबासकी बंद करा. किर्शनर या जर्मन चित्रकाराने १९१५ साली सैनिकाच्या गणवेशातलं आत्मचित्र रंगवलं. त्यात त्याचा उजवा हात तुटलेला आहे. प्रत्यक्षात हात शाबूत होता. सैन्यात मोडलं होतं ते मन. गोव्यातल्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या एफ. एन. सूझाला लहानपणी देवी आल्या होत्या. तो वाचला, आणि पुढे त्याने रंगवलेल्या डोक्यांत देखणेपणाची भीक कुठेच नाही: काटेरी रेषा, विस्कटलेले दात, कपाळात चढलेले डोळे. ही चित्रं नववीच्या वर्गात भिंतीवर लावा आणि एकच विचारा: ‘तुझ्या चेहऱ्यातलं काय मोठं करशील, काय पुसशील, आणि का?’

एक पथ्य मात्र कडक पाळा. ओळख उकलायला लावू नका. जात, धर्म, घरची परिस्थिती चित्रात आणायची की नाही, हे मूल ठरवेल. कुणी कपाळावरची टिकली ठसठशीत काढेल, कुणी हिजाब, कुणी कानातलं यंत्र. कुणाला चेहरा नको असेल, तर तो आपले हात काढेल किंवा पाठमोरा बसेल. तेही आत्मचित्रच. परवानगीशिवाय ते फलकावर लावायचं नाही, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच.

कला संचालनालयाने इंटरमिजिएटला व्यक्तिचित्राचा पेपर ठेवावा. गुण साम्याला कमी आणि निरीक्षणाला व निवडीला जास्त द्यावेत. ‘पण तपासायचं कसं?’ म्हणून अडून बसणाऱ्या परीक्षकांनी आधी स्वतः आरसा घेऊन बसावं आणि आपला चेहरा काढावा. कुठे नजर चुकवली आणि कुठे धाडस केलं हे ज्याला स्वतःच्या कागदावर कळलं, त्याला मुलाच्या कागदावरही कळेल.